पीएलसी आणि पॅनेलची स्क्रीन घरून बघायची तर: नवख्या ऑटोमेशनवाल्यांसाठी

बडोद्याजवळच्या नंदेसरीच्या एखाद्या ईटीपीतून (कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण प्लांटमधून) रात्री फोन येतो: "साहेब, डोझिंग पंप चालु नथी थतो, लाल अक्षरमां कंईक आवे छे." काय येतंय त्याचा फोटो पाठव म्हटलं, की फोटोत फ्लॅशचा पांढरा गोळा आणि कडेला अलार्मची अर्धी ओळ. अशा फोनला उत्तर द्यायला बहुतेक वेळा तिथे जाऊन करण्यासारखं काही नसतं. ती ओळ पूर्ण वाचायची, टाकीची लेव्हल बघायची आणि सांगायचं, "पंप जाम नाही ना ते आधी बघ, मग ओव्हरलोड रिलेचं निळं बटण दाब."

पीएलसी (पंप-मोटरी चालवणारा छोटा औद्योगिक कॉम्प्युटर) आणि टच पॅनेल (ऑपरेटरची स्क्रीन) ब्राउझरमधून दिसण्याची सोय करायची ती यासाठी. मशीन घरून चालवायला नव्हे. हा फरक नवखी पोरं विसरतात, आणि एकदा मोबाइलवर स्क्रीन दिसली की शेठही विसरतात. म्हणून पुढचं सगळं 'बघणं आधी, बदलणं क्वचित, चालवणं नाही' याच हिशोबाने लिहिलंय. उदाहरणाला एक छोटा ईटीपी धरू: एक पीएलसी, सात इंची पॅनेल, दोन ट्रान्सफर पंप, एक पीएच मीटर, दोन डोझिंग पंप. मकरपुरा, वाघोडिया, सावली, कुठेही गेलात तरी असलं काहीतरी सापडतंच.

वायरला हात लावण्यापूर्वी

प्लांट मॅनेजर, आयटीवाले आणि मशीन ज्याने बनवलं तो, या तिघांची लेखी परवानगी घ्या. "करी नाखोने, कंई वांधो नथी" (करून टाका ना, काही हरकत नाही) एवढ्यावर काम सुरू करू नका. उद्या काही बिघडलं की ते वाक्य कुणाला आठवत नाही. ईमेलमध्ये दोनच गोष्टी स्पष्ट हव्यात: कोण बघणार आणि काय काय बघणार. मशीन वॉरंटीत असेल तर बनवणाऱ्याला विचारल्याशिवाय प्रोग्राम उघडूही नका.

मग प्रोग्रामचा बॅकअप. पीएलसीचा आणि पॅनेलचा, दोन्हींचा. हे इतक्या जोर देऊन सांगायचं कारण असं की सीमेन्सच्या एस७-१२०० या पीएलसीत वेब सर्व्हर चालू करायचा म्हणजे हार्डवेअर कॉन्फिगरेशन नव्याने डाउनलोड करायचं, आणि ते करताना सीपीयू स्टॉपमध्ये जातो. म्हणजे पंप थांबणार. हे काम शटडाउनमध्ये किंवा निदान टाकी रिकामी असताना, ऑपरेटर शेजारी उभा असताना करायचं. मूळ प्रोजेक्ट हाताशी नसेल, किंवा बनवणाऱ्याने पासवर्ड टाकून ठेवला असेल, तर पीएलसीच्या वाटेला जाऊच नका. पॅनेलची स्क्रीन दिसली तरी निम्म्याहून जास्त काम होतं.

नेमप्लेटचे फोटो काढा. ऑर्डर नंबर आणि फर्मवेअर आवृत्ती दोन्ही हवेत, कारण त्याच मॉडेलच्या जुन्या फर्मवेअरमध्ये मेनू वेगळे असतात. इथरनेट पोर्ट मोकळा आहे का बघा. नसेल तर डिन रेलवर बसणारा २४ व्होल्टचा छोटा स्विच लागेल. घरचा प्लास्टिकचा स्विच ॲडॅप्टरसकट कंट्रोल पॅनेलच्या (पत्र्याच्या कपाटाच्या) तळाशी टाकून ठेवू नका.

पीएलसी जुना असेल आणि त्याला नुसता सिरियल पोर्ट असेल तर? कन्व्हर्टर आणि गेटवेच्या मागे लागण्याआधी पॅनेल बदलण्याचा हिशोब करा. पॅनेल पीएलसीशी आधीच बोलतंय. त्याजागी इथरनेट असलेलं, वेब किंवा व्हीएनसी (दूरची स्क्रीन जशीच्या तशी दाखवणारी पद्धत) येणारं पॅनेल लावलं की पीएलसीला न छेडता सगळं दिसतं. माझं मत विचाराल तर छोट्या कारखान्यात हाच सरळ रस्ता.

ब्राउझरमध्ये नेमकं काय दिसतं

तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक तिन्हींना 'रिमोट' म्हणतात. पहिली, पीएलसीतला वेब सर्व्हर. त्यात डायग्नोस्टिक बफर (फॉल्टची नोंदवही), मॉड्यूलची स्थिती, टॅगच्या (प्रोग्राममधल्या नाव दिलेल्या सिग्नलच्या) किमती दिसतात. दिसायला रूक्ष, पण फॉल्ट शोधायला उत्तम. दुसरी, पॅनेलची स्क्रीन. ऑपरेटर जे बघतोय तेच तुम्हाला. काही पॅनेल हे व्हीएनसीने देतात, नवी पॅनेलं सरळ ब्राउझरमध्ये देतात. कोडेसिस या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या कंट्रोलरमध्ये वेबव्हिजू नावाची सोय असते आणि ती बहुतेक ८०८० पोर्टवर मिळते. तिसरी, प्रोग्रामिंग सॉफ्टवेअरने ऑनलाइन जाणं. ही तिसरी या लेखात नाही. ती नवख्याने पहिल्याच साइटवर करायचीही नाही.

व्हीएनसीबद्दल एक माहीत असलेलं बरं. जुन्या पद्धतीच्या व्हीएनसीत पासवर्डची पहिली आठच अक्षरं तपासली जातात. बारा अक्षरांचा पासवर्ड ठेवून तुम्ही निश्चिंत असाल, पण शेवटची चार फुकट. शिवाय पुढचं सगळं चित्र उघड्यावर जातं. म्हणून व्हीएनसी व्हीपीएनच्या (इंटरनेटमधून जाणाऱ्या खासगी, कुलूपबंद वाटेच्या) आतच वापरायचं, एरवी नाही.

आधी एक मीटर केबलवर चालवून दाखवा

इंटरनेटचा विषय नंतर. पहिल्यांदा लॅपटॉप थेट कंट्रोल पॅनेलमधल्या स्विचला लावा आणि पान तिथेच उघडून बघा. जे एक मीटरवर चालत नाही ते शहरातल्या अलकापुरीतून काय चालणार!

एस७-१२०० असेल तर टीआयए पोर्टल या सीमेन्सच्या प्रोग्रामिंग सॉफ्टवेअरमध्ये सीपीयूच्या प्रॉपर्टीजमध्ये वेब सर्व्हरचा विभाग आहे. तिथे मॉड्यूलवर वेब सर्व्हर चालू करण्याची टिक, आणि लगेच खाली फक्त एचटीटीपीएसने प्रवेश देण्याची टिक. दोन्ही करा. पण यावर भागत नाही. इथरनेट इंटरफेसच्या प्रॉपर्टीजमध्ये 'या इंटरफेसवरून वेब सर्व्हर वापरू द्या' अशी वेगळी टिक असते. ती राहिली की पिंग (जोडणी तपासायची हाक) लागतो आणि पान उघडत नाही, आणि माणूस तासभर केबल बदलत बसतो. नंतर वापरकर्ते तयार करा. नव्या आवृत्त्यांत वापरकर्ते आणि त्यांचे अधिकार वेब सर्व्हरच्या विभागात न राहता सुरक्षेच्या सेटिंगमध्ये गेलेत, तेव्हा सापडले नाहीत तर तिकडे बघा.

अधिकार देताना हात आखडता ठेवा. डायग्नोस्टिक वाचणं आणि टॅग वाचणं, बस. टॅग लिहिणं, रन-स्टॉप बदलणं आणि फर्मवेअर अपडेट या टिका कुणालाही देऊ नका, स्वतःलाही. 'सगळ्यांसाठी' असा जो बिननावाचा वापरकर्ता आधीपासून असतो त्याचे अधिकार शून्यावर आणा.

ब्राउझर सर्टिफिकेटची लाल सूचना दाखवेल, कारण पीएलसीचं सर्टिफिकेट त्याने स्वतःच बनवलेलं असतं. ती सूचना डोळे मिटून पुढे ढकलायची सवय लावू नका. सर्टिफिकेट उतरवून आपल्या लॅपटॉपवर विश्वासू म्हणून नोंदवता येतं. पाच मिनिटांचं काम आहे.

पत्ते आणि गेटवे

बडोद्यातल्या कुठल्याही कारखान्यात मशीनचा आयपी पत्ता बघा, १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१० असलाच निघेल. तुमच्या घरच्या राउटरचाही पट्टा (पत्त्याचे पहिले तीन आकडे) बहुतेक तोच. दोन्हीकडे एकच पट्टा असला की लॅपटॉप पीएलसीला घरातच शोधत बसतो. म्हणून मशीनला वेगळा पट्टा द्या, समजा १९२.१६८.४७ वाला: कंट्रोल पॅनेलमध्ये बसवायचा राउटर १, पीएलसी १०, पॅनेल २०. मोठं गिऱ्हाईक असेल आणि पत्ते बदलायची मुभा नसेल तर राउटरमध्ये पत्ता-बदल लावता येतो, पण पहिल्या कामाला तो गुंता नको. आणि पॅनेल पीएलसीला ज्या पत्त्यावर शोधतं तो पॅनेलच्या प्रोजेक्टमध्येही बदलायला विसरू नका, नाहीतर पत्ता बदलल्याबरोबर स्क्रीनवर सगळीकडे हॅश-हॅश दिसू लागतील.

आता डिफॉल्ट गेटवे, म्हणजे परक्या पट्ट्याकडे जाणारं ज्याच्या हाती द्यायचं त्या राउटरचा पत्ता. कलाभवनात (सयाजीरावांनी १८९० साली सुरू केलेलं ते कलाभवन आता विद्यापीठाची टेक्नॉलॉजी फॅकल्टी झालंय, पण जुने बडोदेकर कलाभवनच म्हणतात) नेटवर्किंग शिकून आलेली हुशार पोरंही इथे अडखळतात. पीएलसीला आजवर गेटवेची गरजच पडलेली नसते. पॅनेल आणि पीएलसी एकाच स्विचवर, बोलतात छान. तुम्ही व्हीपीएनवरून विचारलेला प्रश्न पीएलसीपर्यंत पोचतो, पण तुमचा पत्ता परक्या पट्ट्यातला. उत्तर कुणाकडे द्यायचं ते त्याला ठाऊक नसतं आणि तो गप्प बसतो. तुम्हाला वाटतं व्हीपीएन बिघडलाय. पीएलसी आणि पॅनेल दोन्हींत गेटवे म्हणून राउटरचा पत्ता, इथे १९२.१६८.४७.१, टाका. पीएलसीत बदल करता येत नसेल तर राउटरवर मास्करेड लावा, म्हणजे पीएलसीला प्रश्न शेजारच्या राउटरनेच विचारल्यासारखा दिसतो.

इंटरनेटवर दार उघडू नका

यूट्यूबवर पोर्ट फॉरवर्डिंगचे शेकडो व्हिडिओ आहेत: राउटरमध्ये ८० नंबरचा पोर्ट उघडा, पीएलसीकडे वळवा, झालं. हे करायचं नाही. कितीही घाई असली तरी नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या अलिक्विपा इथल्या पाणीपुरवठ्याच्या बूस्टर स्टेशनवर युनिट्रॉनिक्सचा, म्हणजे पीएलसी आणि पॅनेल एकाच डब्यात असलेला, कंट्रोलर बाहेरच्यांनी ताब्यात घेतला आणि स्क्रीनवर आपला संदेश झळकवला. तिथल्या कर्मचाऱ्यांनी ती यंत्रणा बंद करून काम हाताने चालवलं म्हणून निभावलं. अमेरिकेच्या सीसा या सायबर सुरक्षा संस्थेने नंतर काढलेल्या सूचनेत '११११' हा कारखान्यातून येणारा पासवर्ड बदला आणि पीएलसी उघड्या इंटरनेटवरून काढा, असं सांगितलं होतं. यात कुठलीही मोठी हुशारी लागली नव्हती. उघडे पडलेले कंट्रोलर शोधून देणारी शोधयंत्रं आहेत, ती दिवसरात्र सगळे पत्ते चाळत असतात. मॉडबस टीसीपी (पीएलसीशी बोलायची एक जुनी भाषा), पोर्ट ५०२, याला तर पासवर्ड हा प्रकारच नाही. जो पोचला तो लिहू शकतो. 'आमच्या छोट्याशा ईटीपीत कुणाला रस?' हा प्रश्न तिथे लागू पडत नाही, कारण शोधणारा नाव बघून येत नाही.

गंमत म्हणजे सिमकार्डवर हा उद्योग बहुधा जमतही नाही. आपल्याकडच्या मोबाइल कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असंख्य ग्राहक बसवतात. राउटरच्या स्टेटस पानावर मोबाइलचा पत्ता १० ने सुरू होत असेल किंवा १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान असेल तर बाहेरून त्याला हाक मारता येत नाही. मग कुणीतरी सल्ला देतो, 'पब्लिक आयपीचं सिम घे'. घेऊ नका. बाहेरून हाक मारता येत नाही ही इथे आपल्या फायद्याची गोष्ट आहे.

व्हीपीएन: राउटरनेच बाहेर जायचं

योग्य रचना अशी: कंट्रोल पॅनेलमधला राउटर स्वतः बाहेर जाऊन एका सर्व्हरला जोडून बसतो, तुम्ही घरून त्याच सर्व्हरला जोडता, आणि दोघांची गाठ तिथे पडते. कारखान्याच्या बाजूला एकही दार उघडावं लागत नाही.

तयार वस्तू हवी असेल तर ईवॉन कोझी, सेकोमिया, इक्सॉन यांसारखे खास मशीनसाठीचे राउटर मिळतात. महाग आहेत, पण सर्व्हर, वापरकर्ते, लॉग सगळं त्यांच्याकडे तयार असतं. बाहेर जायला त्यांना साधारण ४४३ किंवा ११९४ पोर्ट लागतो, आयटीवाल्यांना एवढंच सांगायचं. स्वस्तात करायचं तर टेल्टोनिकासारखा औद्योगिक ४जी राउटर, आणि भाड्याने घेतलेल्या छोट्या सर्व्हरवर वायरगार्ड किंवा ओपनव्हीपीएन हे व्हीपीएनचं सॉफ्टवेअर. पण त्या सर्व्हरचे अपडेट मग तुम्हाला करावे लागतील, दर महिन्याला, कायमचे. ज्याला हे जमणार नाही त्याने तयार राउटरच घ्यावा.

वायरगार्ड घेतलंत तर पर्सिस्टंट कीप-अलाइव्ह २५ सेकंद ठेवा. ते नसलं तर मोबाइल नेटवर्क थोड्या वेळाने वाट विसरतं आणि तुम्हाला साइट 'कधी कधी' लागते. प्रत्येक माणसाला स्वतंत्र चावी द्या. एकच चावी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकली की नोकरी सोडून गेलेल्याकडेही ती राहते, आणि काढायची तर सगळ्यांचीच बदलावी लागते. शेवटी फायरवॉलमध्ये व्हीपीएनवरून येणाऱ्याला पीएलसीचा ४४३ आणि पॅनेलच्या स्क्रीनचा पोर्ट, व्हीएनसी असेल तर साधारण ५९००, आणि तपासायला पिंग, एवढंच मोकळं ठेवा. प्रोग्रामिंगचा १०२ बंद.

राउटर बसवणं

अँटेना पत्र्याच्या पॅनेलबाहेर. आत ठेवलीत तर सिग्नल मरतो, आणि लोक सिम कंपनीला शिव्या देतात. राउटरच्या पानावर आरएसआरपी हा सिग्नलच्या ताकदीचा आकडा बघा: उणे ९० च्या वर असेल तर मजेत चालेल, उणे ११० च्या खाली गेला तर जागा बदला. चुंबकी बुडाची अँटेना पॅनेलच्या छतावर ठेवून, केबल ग्लँडमधून आत घ्या. इन्व्हर्टरच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) मोटर केबलला चिकटून नेऊ नका.

राउटरला पुरवठा २४ व्होल्टच्या एसएमपीएसवरून, स्वतंत्र फ्यूज टर्मिनलमधून. सोबत छोटा डीसी यूपीएस असावा, कारण लाइट गेली हे कळवायचं काम ज्याच्याकडे, तोच लाइटबरोबर गेला तर उपयोग काय? ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीने शहराचे रस्ते अडवले तेव्हा ज्यांची सोय अशी होती त्यांना घरून निदान टाकीची लेव्हल बघता येत होती.

आणि आता या सगळ्यातली माझी आवडती वस्तू: कंट्रोल पॅनेलच्या दारावर एक चावीचा सिलेक्टर स्विच, 'रिमोट बंद–चालू'. चांगल्या औद्योगिक राउटरला यासाठी डिजिटल इनपुट असतो. चावी शिफ्ट इन्चार्जकडे. तुम्ही फोन करायचा, तो चावी फिरवणार, काम झालं की परत बंद. दारावर एक पिवळा दिवाही लावा, रिमोट चालू असताना पेटणारा. आत हात घातलेल्या वायरमनला तो दिसला पाहिजे. चोवीस तास बघायची गरज असेल तर दुसरी युक्ती: बघण्याचा मार्ग कायम मोकळा, पण लिहिण्याचा मार्ग चावीवर.

सेटपॉइंट बदलायची वेळ आलीच तर

कधीतरी पीएचचा सेटपॉइंट (कितीवर ठेवायचं तो आकडा) घरून बदलावा लागतो. तो पॅनेलवरून टाकला काय, वेबवरून टाकला काय, पीएलसीच्या आत लिमिट ब्लॉकमधून गेला पाहिजे: समजा ६.५ ते ८.५, बाहेरची किंमत आलीच तर जवळच्या टोकावर अडणार. पॅनेलच्या इनपुट फील्डवर लावलेली मर्यादा पुरत नाही, ती फक्त त्या पॅनेलपुरती. तसंच 'रिमोट स्टार्ट'चा बिट प्रोग्राममध्ये ठेवूच नका. इमर्जन्सी स्टॉप तारेनेच जोडलेला असतो आणि तसाच राहायला हवा. दुरुस्तीला कुणी उतरलं असेल तर आयसोलेटरला (पुरवठा तोडणाऱ्या स्विचला) कुलूप, आणि रिमोटची चावी बंद. फोनवरचं "कोई नथी अंदर, चालु करो" ग्राह्य धरायचं नाही.

चाचणी, आणि नंतरचं

चाचणी कारखान्याच्या वायफायवरून करू नका, ती चाचणीच नव्हे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप लावा, गेटबाहेर चहाच्या टपरीवर बसा आणि तिथून उघडा. मग आतल्या माणसाला राउटरचा फ्यूज काढून परत लावायला सांगा. कुणीही काही न करता साइट परत जोडली गेली पाहिजे. चावी बंद केल्यावर पान खरंच बंद होतं का, तेही बघा.

सिम कंपनीच्या नावावर असावं आणि रिचार्जची तारीख कुणाच्या तरी कॅलेंडरमध्ये. साइट 'अचानक' बंद पडण्यामागे संपलेला रिचार्ज किती वेळा असतो, हे कळलं की हसू येतं. व्हीएनसी सतत उघडं ठेवलं तर डेटाही भराभर संपतो.

लॉग जपा. सर्ट-इन या आपल्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे असतात, आणि घुसखोरीसारखी घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची असते. औद्योगिक कंट्रोलवरचे हल्ले त्या यादीत आहेत. कुणी कळवायचं ते शेठबरोबर बसून आधीच ठरवून ठेवा.

लागत नसेल तर

खालून वर जायचं, उड्या मारायच्या नाहीत. राउटरचा दिवा, मग सिग्नल, मग राउटर इंटरनेटवर आहे का, मग व्हीपीएनचं हँडशेक (दोन टोकांनी एकमेकांची ओळख पटवणं), मग राउटरला पिंग, मग पीएलसीला पिंग, मग पान. राउटरला पिंग लागतो पण पीएलसीला नाही: गेटवे. पिंग लागतो पण पान नाही: वेब सर्व्हरची टिक किंवा फायरवॉल. पान अर्धंच उघडून लटकतं: व्हीपीएनचा एमटीयू (डेटाच्या एका पाकिटाचा कमाल आकार) १२८० करून बघा, मोबाइल नेटवर्कवर हे होतं.

एक मात्र फसवं आहे. लाइट जाऊन आली, राउटर चालू, सिग्नल छान, तरी वायरगार्ड जोडत नाही. राउटरला बॅटरीवरचं घड्याळ नसेल तर तो जुन्या तारखेने उठतो, आणि मागच्या वेळेपेक्षा जुनी वेळ घेऊन आलेलं हँडशेक पलीकडचा सर्व्हर नाकारतो. राउटरमध्ये एनटीपी (इंटरनेटवरून घड्याळ जुळवणारी सोय) लावा, आणि वेळ जुळल्यावरच व्हीपीएन सुरू होईल अशी सेटिंग ठेवा.